मूठ उघडी ठेवणारा कवी : लोककवी वामनदादा कर्डक



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि एका थोर माणसाचे चरित्र लिहिण्याचे काम आमच्यावर आले आहे. तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर आमच्यापेक्षा अधिक अभ्यास असलेली मंडळी लिहिणारच आहेत. आम्ही काही कॉलेजात शिकलेलो नाही. तेव्हा ज्यांना आमच्यासारखीच शाळा फारशी लाभली नाही, आणि तरीही ज्यांच्या शब्दांवाचून आपल्याकडची एक जयंती पार पडत नाही, त्या लोककवी वामनदादा कर्डकांबद्दल लिहायचे आम्ही ठरवले.

त्याला एक निमित्तही घडले. गेल्या जयंतीच्या आधी वस्तीतली तीन-चार पोरे आमच्याकडे आली. त्यांना गाणे लिहायला शिकायचे होते. त्यांचे प्रश्न सरळ होते : गाणे लिहिण्याचा क्लास कुठे असतो, फी किती पडते, किती महिन्यांत येते? आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. गायनाचा क्लास आहे, तबल्याचा आहे, हार्मोनियमचा आहे. पण मनातला विचार शब्दांत आणि शब्द चालीत कसा बसवायचा, हे शिकवणारी पाटी आम्ही आपल्या भागात कुठल्या दारावर पाहिलेली नाही. मग आमचे मन वामनदादांकडे गेले. त्यांना कुणी शिकवले? आणि त्यांनी इतक्यांना कसे घडवले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत हा लेख लिहिला आहे.

पत्र वाचता न आलेला तरुण

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात झाला. वडील तबाजी, आई सईबाई. त्या काळी आपल्या माणसाच्या घरात जन्मलेल्या पोराच्या वाट्याला जे यायचे, तेच त्यांच्या वाट्याला आले. शाळा नीट झाली नाही. पोटासाठी मुंबई गाठावी लागली. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली. अंगमेहनतीचे जे काम मिळेल ते केले. सिनेमाचा नादही होता. पण मनात पेटलेली खरी वात चळवळीची होती. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहताना ते समता सैनिक दलात शिरले आणि पोरांना कवायत, लेझीम असे शिकवू लागले.

इथे त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी गोष्ट घडली. दलात पुढे पुढे असणारा हा तरुण शिकलेला असणार, असे समजून एका माणसाने आपले पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे आणले. वामनदादांना अक्षर ओळखता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. त्या माणसाचे काम झाले, पण वामनदादांच्या काळजात ते शल्य रुतले. डोळ्यांत पाणी आले. आपल्याला लिहिता-वाचता आलेच पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

मग एका मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे आणि बाराखडी शिकवली. मोठ्या वयाचा, दिवसभर राबलेला एक गडी, आणि त्याच्या बोटाला धरून अक्षर गिरवून घेणारे एक मास्तर. एवढेच ते विद्यालय. पुढची जोडाक्षरे तर वामनदादा रस्त्यावरच शिकले. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अडले की थांबायचे, पुन्हा वाचायचे. मुंबईच्या दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे पुस्तक झाले.

आता आपण जरा विचार करू या. त्या मास्तरांचे नाव आज वस्तीत किती जणांना सांगता येईल? त्यांचा पुतळा नाही, त्यांच्या नावाचा चौक नाही. पण त्यांनी एका माणसाला शेजारी बसवून अक्षर दिले नसते, तर आपल्याला हजारो गाणी मिळाली नसती.

शेजारी बसू न देण्याची रीत

शेजारी बसवून शिकवणे ही साधी गोष्ट वाटते. पण आपल्या माणसांसाठी ती कधीच साधी नव्हती, हे नव्या पिढीने समजून घेतले पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेच घ्या. गिरणीतले काम पुस्तकातून येत नाही. नवा माणूस जुन्या माणसाशेजारी उभा राहतो, त्याची बोटे कशी चालतात ते बघतो, तुटलेला धागा कसा जोडायचा ते हाताने शिकतो. पण जास्त पगाराच्या साचे खात्यात, म्हणजे जिथे कापड विणले जाते तिथे, आपल्या समाजाच्या माणसांना घेतच नसत. कारण काय? धोट्यातल्या कांडीचे सूत बाहेर ओढायला तोंड लावावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला, तो याचसाठी. शाळेत पोर वर्गाबाहेर, पाणवठ्यावर माणूस लांब, आणि गिरणीत हात हुशार असूनही साच्यापासून दूर. जिथे जिथे माणूस माणसाजवळ बसून काही शिकतो, तिथे तिथे आपल्याला दूर ठेवले होते.

म्हणून एका मास्तरांनी वामनदादांना जवळ बसवले आणि पुढे वामनदादांनी कित्येकांना जवळ बसवले, याची किंमत आम्हाला गाण्यांइतकीच वाटते. ज्यांना कुणी जवळ येऊ दिले नाही, त्यांनी एकमेकांना जवळ घेतले. चळवळ म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

जलशाची पाठशाळा

वामनदादा हवेतून आले नाहीत. त्यांच्या आधी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाची परंपरा होती. त्यातून सत्यशोधक जलसे निघाले आणि पुढे 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यात तर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे 1930 पासून रान पेटलेले होते. त्याच भागातल्या भीमराव कर्डकांच्या जलशाचे नाव गावोगावी झाले होते. तमाशाचीच ढोलकी, तोच ठेका, पण आत मजकूर नवा : शाळेत जा, मेलेली ढोरे ओढू नका, व्यसन सोडा, देवळाच्या दारात माणुसकीचा हक्क मागा. बाबासाहेबांनी जलशाचे मोल आपल्या सभांपेक्षा कमी लेखले नाही, असे जुनी माणसे सांगत.

जलशात शिकायची पद्धत एकच होती. पोरगा आधी कोरसमध्ये उभा राहायचा, झील धरायचा. ऐकता ऐकता त्याच्या कानात चाली बसायच्या. मग एखाद्या दिवशी तो स्वतः चार ओळी जुळवून शाहिराला भीत भीत दाखवायचा. शाहीर मांडीवर ठेका धरून त्या म्हणून बघायचा. जिथे अडखळला तिथे बोट ठेवायचा. आणि आपल्या मायबहिणींकडे तर ही रीत त्याहूनही जुनी आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीने ओवी सुरू केली की दुसरीने पुरी करायची. सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला, एकीकडून एकीला ओवी मिळत गेली. तिथे कुठे होती वही आणि कुठे होती फी?

वामनदादांनी 1943 साली गाणी रचायला सुरुवात केली. तेव्हा त्यांची नुकती विशी होती. पहिला प्रयत्न कसला, तर एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावरचे विडंबन. ही गोष्ट आम्ही त्या पोरांना मुद्दाम सांगितली. कारण पोरांना वाटते, पहिलेच गाणे थोर झाले पाहिजे. लोककवीची सुरुवात दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवण्यापासून झाली. तयार चाल म्हणजे लहान पोराला चालायला दिलेला पांगुळगाडा. आधी त्याच्या आधाराने चालायचे, मग तो सोडायचा. दादांनी तो सोडला आणि मग ते असे चालले, की महाराष्ट्राचे गाव न् गाव तुडवले.

गाण्यांचा फिरता मुक्काम

1956 साली 14 ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दोन महिन्यांत लाखो माणसांना नवा धम्म मिळाला आणि त्यांचा बापही गेला. जुने देव सोडले, पण नव्या धम्मात बसायचे कसे, वागायचे कसे, लग्न कसे लावायचे, मुलांना काय सांगायचे, हे खेड्यातल्या माणसाला कोण समजावणार? भिक्खू थोडे, विहारे थोडी, वाचता येणारी माणसे त्याहून थोडी. त्या काळात धम्म घराघरात नेला तो गाण्यांनी. त्या कामात वामनदादांचा वाटा फार मोठा.

ते गावोगाव फिरत. कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, चटणी-भाकरी असेल ती गोड. रात्री कार्यक्रम, दिवसा भोवती माणसे. तिथेच गाणे सुचायचे, तिथेच कागदावर उतरायचे आणि तिथल्याच एखाद्या गायकाच्या हातात जायचे. दादांनी गाण्यांची पेटी करून कुलूप लावले नाही. म्हणून त्यांनी नक्की किती गाणी लिहिली, याचा चोख हिशेब कुणाकडे नाही. कितीतरी गाणी गायकांच्या वह्यांत राहिली, कितीतरी नुसती तोंडात राहिली. ‘वाटचाल’ 1973 साली, ‘मोहळ’ 1976 साली आणि ‘हे गीत वामनाचे’ 1977 साली निघाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन 1996 साली आले. सिनेमातही त्यांचे शब्द गेले. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटातले एक गाणे त्यांचे आहे. ज्या माणसाला एकेकाळी पत्र वाचता येत नव्हते, तो 1993 साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसला.

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या मोठ्या आवाजाच्या गायकांनी दादांची गाणी गायली. पण त्याहून जास्त गायली ती खेड्यापाड्यांतल्या, नाव नसलेल्या गायन पार्ट्यांनी. आज पन्नाशी-साठी-सत्तरीत असलेले कितीतरी कवी-गायक वामनदादांना गुरू मानतात. कुणी दोन दिवस त्यांच्यासोबत राहिला, कुणी दोन वर्षे. दादांची शाळा अशी फिरती होती. जिथे मुक्काम, तिथे वर्ग.

दादांच्या गाण्यांतून आम्ही काय शिकलो

आम्ही त्या पोरांना दादांची गाणी वहीत उतरवून घ्यायला सांगितली. नुसती ऐकायची नाहीत, हाताने लिहायची. मग एकेकाला वेगळे घेऊन बसलो. चार जणांना एकदम शिकवता येत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी कळले, कारण प्रत्येकाची अडचण निराळी. एकाकडे शब्द फार पण विचार नाही, दुसऱ्याकडे विचार चांगला पण कानाला ठेका नाही. दोघांना एकच औषध कसे चालेल?

पहिल्या पोराने आठ कडव्यांचे गाणे आणले होते. त्यात चवदार तळे होते, राज्यघटना होती, दीक्षाभूमी होती, रमाई होती, सगळेच होते. आम्ही त्याला विचारले, बाबा, तुला यातले नेमके काय सांगायचे आहे? तो गोंधळला. मग दादांचे एक गाणे घेतले. बाबासाहेबांच्या मताला खरोखर जागणारे आपल्यात कितीसे आहेत, असे त्यात दादा आपल्यालाच विचारतात. सगळे गाणे त्या एका प्रश्नाभोवती फिरते. दुसरे गाणे घेतले. त्यात मोठमोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन दादा विचारतात, की या देशाच्या धनात आमचा वाटा कुठे गेला. तिथेही एकच प्रश्न, पण तो अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतका खोल. एका गाण्यात एकच गोष्ट. त्या पोराने आठ कडव्यांतून एक रमाईचे कडवे ठेवले आणि बाकीची सात काढून टाकली. काढताना त्याचा जीव वरखाली होत होता. पण दुसऱ्या आठवड्यात त्या एका कडव्याची तीन झाली, आणि ती ऐकताना त्याच्या आईने पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या पोराची तऱ्हा निराळी. त्याच्या गाण्यात मोठमोठे शब्द. महापरिनिर्वाण हा शब्द त्याने धृपदातच घातला होता. आम्ही केरव्याचा ठेका धरला. आठ मात्रांच्या आवर्तनात दहा मात्रांचा शब्द बसवायचा, म्हणजे भरलेल्या लोकलमध्ये शिरण्यासारखे. कुठेतरी तो चेंगरणार. तसेच बाबासाहेब या शब्दाचे झाले. सम पडली आणि ‘बाबासा’ एका बाजूला, ‘हेब’ दुसऱ्या बाजूला. ज्या नावापुढे आपण हात जोडतो, त्याचेच दोन तुकडे! पोरगा खजील झाला. त्याला सांगितले, लाजू नको, वही काढ आणि दादांनी नाव कुठे कसे घेतले ते बघ. कुठे भीम, कुठे भीमा, कुठे भीमराव, कुठे भीमराया. प्रेम तेच, पण प्रत्येक नावाचे वजन निराळे. जिथे जेवढी जागा, तिथे तेवढे नाव. त्या दिवशी आम्हालाही कळले, की आपल्या गाण्यांत बाबांची इतकी लाडकी नावे का आली. मायेने तर आलीच, पण चालीच्या गरजेनेही आली.

तिसरी एक मुलगी होती. तिला वाटायचे, आपली भाषा गावंढळ, गाण्यात कशी घालायची? तिला आम्ही दादांची गाणी दाखवली. घरात बोलतो तीच भाषा. चूल, शेत, माय, लेकरू, भाकर असे रोजचे शब्द आणि त्यांतूनच मोठा विचार. असे असूनही दादांना गझलेचा बंद माहीत होता, यमकाची शिस्त माहीत होती. साधे लिहिणे म्हणजे कसेही लिहिणे नव्हे. त्या मुलीने आजीच्या तोंडच्या ओव्यांची चाल घेतली आणि धुण्या-भांड्यांची कामे करणाऱ्या तिच्या आईवर गाणे लिहिले. ते आम्ही फारसे सुधारले नाही. फक्त एका ठिकाणी तिने पुस्तकातला शब्द घातला होता, तिथे तिची आई काय म्हणते ते विचारले. तिने सांगितले. तोच शब्द घाल म्हटले.

शेवटचे कडवे

आता एक कडू गोष्ट लिहायची आहे. वर्धापनदिनाच्या अंकात कडू कशाला, असे कुणी म्हणेल. पण न बोलणे बरे नव्हे.

दादांच्या गाण्याच्या शेवटी बहुतेक वेळा ‘वामन’ हे नाव येते. ही संतांपासून चालत आलेली नाममुद्रा आहे. ज्याच्याकडे घर-दार, पैसा-अडका नाही, त्या कवीचा तेवढाच सातबारा. पण आज काय होते? मंडपात वेळ कमी म्हणून शेवटचे कडवे गाळतात. कुणी तर ‘वामन’ काढून तिथे स्वतःचे नाव घालतो. मोबाईलवर गाणे फिरते, खाली कवीचे नाव नसते. आमच्याच स्टेजवर एका वर्षी असे झाले आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवल्या. लक्षातच आले नाही. लक्षात आले तेव्हा फार वाईट वाटले. पूर्वजांच्या नावांवर बोळा फिरवण्याचे काम आजवर दुसरे करीत आले. तेच काम आता आपणच करायचे का?

दादांनी गाणी फुकट वाटली हे खरे. पण फुकट दिले म्हणजे बेवारस टाकले असे होत नाही. ज्याने दिले त्याचे नाव घेणे, एवढीच त्याची फी. त्या पोरांनी फी विचारली होती ना? ही ती फी. आपण काही लिहाल तेव्हा, कुणाकडून शिकलो ते सांगा. आणि दादांचे गाणे गाल तेव्हा शेवटचे कडवे गा.

उघडी मूठ

शेवटी धम्मातल्या दोन गोष्टी सांगतो.

सोण कोळिविस नावाचा एक श्रीमंताघरचा तरुण भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात त्याने चालत चालत इतकी साधना केली, की पाय फुटून रक्त आले. तरी मुक्ती मिळेना, म्हणून तो घरी परतायचा विचार करू लागला. भगवंत स्वतः त्याच्याकडे गेले. तो पूर्वी वीणा चांगली वाजवत असे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याला वीणेबद्दलच विचारले : तारा फार ताणल्या तर सूर लागतो का, फार ढिल्या सोडल्या तर लागतो का? सोणाला आपोआप उमगले. भगवंतांनी हजारोंच्या सभेत दिलेले प्रवचन त्याला ऐकवले नाही. त्या एका माणसाजवळ जाऊन त्याला समजेल त्या भाषेत सांगितले. एकाला एकाने शिकवणे याहून वेगळे काय असते?

दुसरी गोष्ट भगवंतांच्या शेवटच्या वर्षावासातली. वैशालीजवळच्या बेलुव गावी ते आजारी पडले. आनंदाला वाटले, जाण्याआधी भगवंत अजून काही गुपित सांगतील. तेव्हा तथागतांनी त्याला समजावले, की आपण आत एक आणि बाहेर एक असे काही ठेवले नाही, आणि आपल्याकडे आचार्याची झाकली मूठ नाही. जे होते ते सगळ्यांसाठी उघडे केले.

आमच्या मते वामनदादांचे चरित्र या एका गोष्टीत बसते. त्यांच्याकडे झाकली मूठ नव्हती. एका मास्तरांनी उघड्या मुठीने अक्षर दिले, दादांनी उघड्या मुठीने गाणे दिले. 15 मे 2004 रोजी त्यांचे निधन झाले. 2022 साली त्यांची जन्मशताब्दी झाली, सत्कार-सोहळे झाले, चांगले झाले. पण दादांना हारापेक्षा शिष्य जास्त आवडले असते, असे आम्हाला वाटते.

म्हणून विहार समितीला आणि आपणा सर्वांना आमची हात जोडून विनंती आहे. दर रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर एक तास विहारात एक सतरंजी अंथरावी. ज्याला गाता येते, ज्याला दादांची जुनी गाणी पाठ आहेत, ज्याला ढोलकीचा ठेका धरता येतो, त्याने तिथे बसावे. समोर एक पोरगा किंवा पोरगी. एका वेळी एकच. त्याची वही बघावी, अडले तिथे बोट ठेवावे, हसू नये, आणि त्याच्या जागी आपण लिहून देऊ नये. कारण लिहून दिलेले गाणे एका जयंतीला पुरते आणि लिहायला शिकवलेले गाणे जन्माला पुरते. ज्यांच्या घरी जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्या धूळ खात पडल्या असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. विहारात आणाव्यात. कुणी सांगावे, दादांचे एखादे गाणे आपल्याच एखाद्या घरी, ट्रंकेच्या तळाशी पडलेले असेल.

त्या तिघा पोरांपैकी एकाने परवा येऊन सांगितले, की त्याच्या धाकट्या भावालाही आता लिहायचे आहे आणि तो स्वतःच त्याला शिकवतो आहे. आम्ही त्याला विचारले, तुला तरी कुठे सगळे येते? तर तो म्हणाला, की येते तेवढे सांगतो. आम्हाला फार आनंद झाला. येते तेवढे सांगायचे, एवढे ज्याला कळले त्याला वामनदादा कळले.

लिहिण्यात चूकभूल झाली असल्यास सुधारून घ्यावी आणि आम्हालाही शिकवावे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जयभीम.